लहान घरगुती सागरी मत्स्यालयातील समुद्रपुष्पाचे संगोपन : जीवशास्त्रीय आधार आणि व्यवहार

सारांश

समुद्रपुष्प हा दिसण्यात फुलासारखा, परंतु जीवनव्यवहाराने मांसभक्षक असलेला सागरी प्राणी आहे. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात तो हौसेने आणला जातो आणि पुष्कळदा काही आठवड्यांतच दगावतो. या प्राण्याची शरीररचना, त्याच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांशी असलेले त्याचे सहजीवन आणि लहान टाकीतील पाण्याचे रसायन यांच्या आधारे त्याच्या संगोपनाची तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. महागड्या साधनांपेक्षा पाण्याचे स्थैर्य आणि संगोपकाची नियमितता यांवरच या प्राण्याचे आयुष्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : समुद्रपुष्प, सहजीवन, लवणता, नायट्रोजन चक्र, सागरी मत्स्यालय

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेला मेट्रिडियमचा नमुना अनेकांनी पाहिलेला असतो. रंग उडालेला, आकसलेला तो गोळा पाहून या प्राण्याला ‘समुद्रपुष्प’ का म्हणतात, याचा उलगडा विद्यार्थ्यांना होत नाही. जिवंत समुद्रपुष्प पाहिले की तो आपोआप होतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील खडकांत ओहोटीच्या वेळी साचलेल्या डबक्यांतही समुद्रपुष्पे पाहावयास मिळतात. १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांना काचेआडच्या सागरी सृष्टीचे दर्शन घडविले. २००३ साली प्रदर्शित झालेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर समुद्रपुष्प आणि त्यात राहणारा नारिंगी-पांढरा विदूषक मासा ही जोडी घरोघरच्या मुलांना परिचित झाली.

परिचयातून हौस निर्माण होते आणि हौसेतून खरेदी. मात्र गोड्या पाण्यातील मासे सांभाळण्याचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. समुद्रपुष्प मरते तेव्हा ते ‘नाजूकच होते’ किंवा ‘त्याचे आयुष्य संपले’ असे म्हणून समाधान करून घेतले जाते. यातील दुसरे विधान जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. समुद्रपुष्पांच्या अनेक जातींत वार्धक्याची लक्षणे आढळत नाहीत आणि अनुकूल परिस्थितीत ती अनेक दशके जगू शकतात. म्हणूनच टाकीत आणल्यावर थोड्याच महिन्यांत त्याचा मृत्यू झाला, तर त्याचे कारण वयात न शोधता त्याच्या आधीच्या हाताळणीत आणि टाकीतील परिस्थितीत शोधावे लागते.

एडिंबरोचे समुद्रपुष्प : एक ऐतिहासिक दाखला

या संदर्भात स्कॉटलंडमधील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. निसर्गाभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅलयेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून ॲक्टिनिया प्रजातीचे एक समुद्रपुष्प आणले. त्या वेळी त्याचे वय किमान सात वर्षे असावे, असा त्यांचा अंदाज होता. काचेच्या लहान भांड्यात ठेवलेल्या या प्राण्याचे पाणी नियमितपणे बदलले जाई आणि त्याला अगदी मोजका आहार दिला जाई. १८५१ मध्ये डॅलयेल यांचे निधन झाले. त्यानंतर हे समुद्रपुष्प एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे सोपविले गेले आणि अखेरीस एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आले. ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, या नावाने ते ओळखले जाऊ लागले. १८८७ साली ते मरण पावले. बंदिवासातील त्याचा काळ ५९ वर्षांचा होता आणि या काळात त्याने शेकडो पिलांना जन्म दिला.

या उदाहरणावरून ‘लहान भांडे पुरते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो अर्धवट ठरेल. ॲक्टिनिया हा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा प्राणी आहे. उन्हाने तापणारे आणि पावसाने पातळ होणारे डबके हे त्याचे नैसर्गिक घर असल्याने बदल सोसण्याची क्षमता त्याच्या अंगी असते. शिवाय त्याच्या शरीरात सहजीवी शैवले नसतात, त्यामुळे त्याला तीव्र प्रकाशाची गरज नसते. आज मत्स्यालयांच्या बाजारात प्रामुख्याने मिळणारी समुद्रपुष्पे मात्र उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर राहणारी आहेत आणि प्रवाळभित्तीवरील पाण्याच्या गुणधर्मांत दिवसागणिक फारसा फरक पडत नाही. एडिंबरोच्या उदाहरणातून भांड्याचा आकार उचलण्यासारखा नाही. एकामागून एक संगोपक बदलले तरी ५९ वर्षे पाण्याची काळजी खंडित झाली नाही, ही बाब मात्र उचलण्यासारखी आहे.

शरीररचना आणि सहजीवन

समुद्रपुष्पाचा समावेश निडारिया संघातील ॲन्थोझोआ वर्गात होतो. म्हणजेच ते प्रवाळांचे जवळचे नातलग आहे. त्याचे शरीर नळकांड्यासारखे असते. खालच्या टोकाला पादबिंब असते आणि त्याच्या साहाय्याने ते खडकाला चिकटते. वरच्या टोकाला मुखबिंब असून त्याच्या मध्यभागी मुख आणि भोवती संस्पर्शकांची वलये असतात. शरीराला द्वार एकच असते. अन्न याच मुखातून आत जाते आणि न पचलेला भागही याच मार्गाने बाहेर टाकला जातो. समुद्रपुष्पाला सांगाडा नसतो. शरीरात भरलेल्या पाण्याच्या दाबावर ते ताठ उभे राहते. म्हणूनच ते कधी टपोरे फुललेले, तर कधी पाणी सोडून देऊन सुरकुतलेले दिसते.

संस्पर्शकांवर दंशकोशिका असतात. स्पर्श होताच त्यांतील सूक्ष्म तंतू वेगाने बाहेर फेकला जातो आणि भक्ष्याच्या शरीरात विष सोडतो. या विषाला वैद्यकाच्या इतिहासातही स्थान आहे. शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांनी समुद्रपुष्पाच्या विषावर केलेल्या प्रयोगांतून १९०२ साली तीव्र अधिहर्षतेची, म्हणजे ‘ॲनाफिलॅक्सिस’ची, संकल्पना पुढे आली. या कार्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टाकीत हात घालताना हातमोजे वापरावेत, ही सूचना त्यामुळे केवळ उपचार म्हणून दिलेली नसते.

संगोपनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे सहजीवन. प्रवाळभित्तीवरील बहुतेक मोठ्या समुद्रपुष्पांच्या ऊतींत झूझँथेली या नावाने ओळखली जाणारी एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा हिस्सा यजमान प्राण्याला देतात. यजमान त्यांना आसरा, कर्बवायू आणि नायट्रोजनयुक्त उत्सर्ग पुरवितो. समुद्रपुष्पाचा तपकिरी वा हिरवट रंग बऱ्याच अंशी या शैवलांमुळे असतो. पाणी अधिक तापले किंवा प्रकाशात अचानक मोठा बदल झाला, तर शैवले बाहेर टाकली जातात आणि प्राणी पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरेशुभ्र समुद्रपुष्प दुकानात मोहक दिसते, प्रत्यक्षात ते उपासमारीच्या वाटेवर असते. असे प्राणी कृत्रिम रंगात बुडवून पिवळे वा जांभळे करून विकण्याची पद्धतही मत्स्यव्यापारात आढळते.

लहान टाकीतील लवणतेचे गणित

लहान टाकी सांभाळण्यास सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. सागरी मत्स्यालयाच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या उलट आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच राहतात.

समजा, ६० लिटर पाण्याच्या टाकीत २१०० ग्रॅम क्षार आहेत. उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, तीतून रोज २ लिटर पाणी उडून गेले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर उरलेल्या ५४ लिटर पाण्यात लवणता दर लिटरला सुमारे ३९ ग्रॅम होते. ३०० लिटरच्या टाकीतून दररोज याच्या दुप्पट, म्हणजे ४ लिटर पाणी उडाले, तरी तीन दिवसांनी लवणता ३६.५ ग्रॅमच्या आसपास राहते. एकाच निष्काळजीपणाची शिक्षा लहान टाकीला अधिक होते. ज्याच्या शरीरातच पाणी भरलेले आहे, अशा समुद्रपुष्पासाठी हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

याचे दोन परिणाम व्यवहारात लक्षात घ्यावे लागतात. पहिला असा की, समुद्रपुष्प ठेवावयाचे असल्यास १०० लिटर ही व्यवहार्य किमान मर्यादा समजावी. दुसरा असा की, उडालेल्या पाण्याची भरपाई दररोज, ठरावीक वेळी आणि केवळ शुद्ध गोड्या पाण्याने करावी. भरपाईसाठी खारे पाणी वापरण्याची चूक नवोदितांकडून हमखास होते. तसे केल्यास लवणता दिवसेंदिवस वाढतच जाते. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे. पातळी घटताच पाणी सोडणारे स्वयंचलित उपकरणही मिळते. मात्र उपकरण असले तरी त्यावर रोजची नजर हवीच.

पाण्याची गुणवत्ता

समुद्रपुष्पाला मानवणाऱ्या पाण्याचे प्रमुख निकष साधारणतः पुढीलप्रमाणे मानले जातात :

तापमान : २५ ते २७ अंश सेल्सिअस
विशिष्ट गुरुत्व : १.०२५ ते १.०२६
सामू : ८.१ ते ८.४
अल्कता : ८ ते ११ डीकेएच
कॅल्शियम : ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर
अमोनिया व नायट्राइट : शून्य
नायट्रेट : १० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी

या आकड्यांइतकेच त्यांच्या स्थैर्याला महत्त्व आहे. विशिष्ट गुरुत्व १.०२४ असून ते महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर ते दररोज वरखाली होणाऱ्या ‘आदर्श’ आकड्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. मापन शक्यतो रिफ्रॅक्टोमीटरने करावे. स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्यावर हवेचा बुडबुडा चिकटला, तरी मोजणी चुकते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि काही वेळा धातूंचे अंश असतात, म्हणून पाणी आर.ओ. पद्धतीने शुद्ध केलेले असावे. मात्र घरातील पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र या कामासाठी योग्य असेलच असे नाही. अनेक यंत्रांत चवीसाठी न गाळलेल्या पाण्याचा काही अंश पुन्हा मिसळला जातो, तर काहींत आरोग्यदायी म्हणून तांब्याचा अंश सोडणारी नळी बसविलेली असते. तांबे मनुष्याला अल्प प्रमाणात आवश्यक असले, तरी समुद्रपुष्पासारख्या अपृष्ठवंशीय प्राण्यांना ते अत्यल्प मात्रेतही घातक असते. या कारणास्तव मत्स्यालयाचे पाणी तांब्या-पितळेच्या हंडा-कळशीत साठवू नये आणि माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे समुद्रपुष्पाच्या टाकीत कदापि टाकू नयेत. मासा आजारी पडल्यास त्याला वेगळ्या टाकीत हलवून उपचार करावेत. डासांसाठी मारला जाणारा फवारा टाकीच्या आसपास वर्ज्य मानावा.

दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलावे. नवे खारे पाणी मत्स्यालयासाठी तयार मिळणाऱ्या सागरी क्षारमिश्रणापासून एक दिवस आधी बनवून ढवळत ठेवावे. टाकीत ओतण्यापूर्वी त्याचे तापमान आणि विशिष्ट गुरुत्व टाकीतील पाण्याशी जुळवून घ्यावे. स्वयंपाकघरातील मिठाचा येथे उपयोग नाही. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदी घटक त्यातून मिळत नाहीत.

तापमान आणि वीजपुरवठा

थंड देशांतील संगोपकाला पाणी तापवावे लागते, तर महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक काळ पाणी थंड ठेवण्याची चिंता असते. पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर काही दिवस राहिल्यास विरंजनाचा धोका वाढतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे तापमान घटते. हा उपाय विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात चांगला लागू पडतो. मुंबई-कोकणातील दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंद असल्याने पंखा अपुरा पडतो आणि शीतकयंत्र घ्यावे लागते. कोरड्या भागात पंख्याचा गुण तेवढाच त्याचा दोषही आहे. पाणी झपाट्याने उडते आणि लवणतेचा वर मांडलेला प्रश्न अधिक तीव्र होतो.

वीज गेली की पंप थांबतो. उष्ण आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो. त्यामुळे काही तासांतच टाकीतील सर्व जीव धोक्यात येतात. वीजपुरवठा अनियमित असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारा वायुपंप ही चैनीची वस्तू राहत नाही; ती पहिल्याच दिवशी घ्यावी.

प्रतीक्षेचा काळ

नवी टाकी भरल्यावर पाणी स्वच्छ दिसते. परंतु स्वच्छ दिसणारे पाणी जिवाला मानवेलच असे नाही. जीवांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू खडक व वाळू यांच्या पृष्ठभागावर वसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सागरी पाण्याचा सामू अधिक असल्याने अमोनियाचा मोठा अंश विषारी स्वरूपात राहतो. त्यामुळे या काळात कोणताही नाजूक जीव टाकीत सोडणे म्हणजे त्याला विषात सोडण्यासारखे आहे.

हे चक्र पूर्ण झाले तरी समुद्रपुष्पाची वेळ आलेली नसते. टाकीतील सूक्ष्मजीवसृष्टी स्थिरावण्यास आणखी काही महिने लागतात. अनुभवी संगोपक किमान सहा महिने थांबण्याचा सल्ला देतात. या सहा महिन्यांचा दुसरा उपयोगही आहे. रोज पाण्याची पातळी पाहणे, दर आठवड्याला चाचण्या करणे आणि त्यांची नोंद ठेवणे ही सवय संगोपकाला लागते की नाही, हे या काळात कळते. ज्याला सहा महिने रिकाम्यासारखी दिसणारी टाकी सांभाळणे कंटाळवाणे वाटते, त्याने समुद्रपुष्प न आणणेच योग्य होय.

निवड आणि प्रवेश

नवोदितांसाठी एन्टाक्मेआ क्वाड्रिकलर ही जाती तुलनेने योग्य समजली जाते. संस्पर्शकांच्या टोकांना येणाऱ्या फुगीर बोंडांवरून ती ओळखता येते. मात्र ही बोंडे नेहमीच असतात असे नाही. ही जाती उभी दुभंगून स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करते. त्यामुळे एखाद्या संगोपकाच्या टाकीत दुभंगून तयार झालेले अपत्य मिळू शकते. ते बंदिस्त पाण्याला सरावलेले असते आणि त्यासाठी समुद्रातून नवा प्राणी काढावा लागत नाही. याउलट स्टिकोडॅक्टिला प्रजातीची गालिच्यासारखी पसरणारी समुद्रपुष्पे अर्ध्या मीटरहून मोठी होऊ शकतात. लहान टाकीत त्यांना स्थान नाही.

खरेदीपूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. मुख मिटलेले असावे, पादबिंबाला फाटलेली जखम नसावी, संस्पर्शक चिकट असावेत आणि रंग पांढरा वा अनैसर्गिक भडक नसावा. घरी आणल्यावर सुमारे तासभर टाकीतील पाणी थेंबाथेंबाने त्याच्या पाण्यात मिसळत न्यावे आणि मगच प्राणी टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. दिव्यांची तीव्रता प्रथम निम्म्यावर ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावी.

समुद्रपुष्प आपली जागा स्वतः निवडते. पादबिंब खडकाच्या कपारीत सुरक्षित आणि संस्पर्शक प्रकाशात, अशी जागा सापडेपर्यंत ते सरकत राहते. या भटकंतीत ते पंपाच्या तोंडाशी पोहोचल्यास त्याच्या चिंधड्या उडतात आणि विघटनामुळे सबंध टाकी दूषित होते. म्हणून समुद्रपुष्प आणण्यापूर्वीच पंपाच्या प्रत्येक तोंडावर स्पंज किंवा जाळी बसविणे अनिवार्य आहे. एकदा ते स्थिरावले की त्याला खेचून हलवू नये. ते पुन्हा सरकू लागले, तर प्रकाश, प्रवाह किंवा पाणी यांपैकी काहीतरी बिघडल्याची ती सूचना असू शकते. प्रकाश दररोज आठ ते दहा तास द्यावा आणि प्रवाह मध्यम, दिशा बदलणारा असावा.

अन्न

शैवले बरेचसे अन्न पुरवीत असली, तरी नायट्रोजन आणि प्रथिनांसाठी समुद्रपुष्पाला मांसाहाराची जोड लागते. मीठ-मसाला न लावलेली ताजी कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस स्वच्छ धुऊन, वाटाण्याएवढे तुकडे करून आठवड्यातून एकदा द्यावे. चिमट्याने तुकडा संस्पर्शकांना लावला की ते तो मुखाकडे नेतात. मोठा तुकडा दिल्यास काही तासांनी तो अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर टाकला जातो आणि पाणी नासवितो. प्रेमापोटी रोज खाऊ घालण्याची वृत्ती येथे घातक ठरते. उपाशी राहून समुद्रपुष्प सावकाश लहान होत जाते. सडलेल्या अन्नाने मात्र ते लवकर मरते.

विदूषक मासा : गरज आणि गैरसमज

समुद्रपुष्प आणि विदूषक मासा यांचे सहजीवन निसर्गात परस्परांना लाभदायक असते. माशाला शत्रूंपासून संरक्षण मिळते. समुद्रपुष्पाला माशाच्या उत्सर्गातील अमोनिया शैवलांसाठी मिळतो, त्याच्या हालचालींमुळे ताजे पाणी मिळते आणि संस्पर्शक खाणारे मासे दूर राहतात. मत्स्यालयात मात्र दोघेही एकमेकांवाचून जगू शकतात. एक हजाराहून अधिक जातींच्या समुद्रपुष्पांपैकी विदूषक माशाला आसरा देणाऱ्या जाती परंपरेने केवळ दहा मानल्या जातात. लहान वा नुकत्याच आणलेल्या समुद्रपुष्पाला माशाच्या सततच्या घुसळणीचा त्रासही होतो. त्यामुळे केवळ माशाच्या सोयीसाठी समुद्रपुष्प आणणे समर्थनीय नाही. विदूषक माशाच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात विकसित केले आहे. मासा हवाच असल्यास असा प्रजनन केंद्रात वाढलेला घ्यावा.

आरोग्याची लक्षणे

निरोगी समुद्रपुष्पही अधूनमधून आकसते, शरीरातील पाणी सोडते आणि मुखातून तपकिरी चोथा बाहेर टाकते. ही विष्ठा पाहून घाबरण्याचे कारण नाही. काही तासांत ते पुन्हा फुलते. मुख दिवसेंदिवस उघडे राहणे, संस्पर्शकांची चिकटण्याची शक्ती जाणे, वारंवार आकसणे व फुगणे आणि खडकाला धरून न राहणे ही मात्र गंभीर लक्षणे होत. अशा वेळी औषध शोधण्यापूर्वी लवणता, तापमान व अमोनिया तपासावा आणि जुळविलेल्या पाण्याने थोडे पाणी बदलावे. ऊती विरघळू लागून दुर्गंधी सुटली, तर प्राणी विनाविलंब बाहेर काढावा. मेलेले समुद्रपुष्प लहान टाकीतील इतर सर्व जिवांना एका रात्रीत संपवू शकते.

कायदा आणि नीती

टाकीसाठी खडक लागतो आणि ‘जिवंत खडक’ म्हणून प्रवाळभित्तीचे तुकडे वापरण्याची प्रथा जगभर रूढ झाली होती. भारतात भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे प्रवाळाचे तुकडे गोळा करणे वा विकत घेणे सर्वस्वी टाळून सिरॅमिकचे सच्छिद्र खडक वापरावेत. जिवाणू त्यांवरही वसतात. किनाऱ्यावरील समुद्रपुष्पे उपटून आणणेही अनुचित होय. तेथे ती पाहावीत, छायाचित्रे घ्यावीत आणि तेथेच राहू द्यावीत. तसेच मत्स्यालयातील नकोसा झालेला प्राणी समुद्रात सोडू नये. त्याबरोबर परके जीव आणि रोगजंतू समुद्रात जातात.

याला व्यापक संदर्भही आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी मोठे विरंजन अनुभवले. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. समुद्रात जे तापमान शैवलांना यजमानापासून तोडते, तेच घरातील टाकीतही तोडते. ज्या अधिवासावर आधीच एवढा ताण आहे, तेथून काढलेला प्राणी काही आठवड्यांच्या शोभेसाठी गमावणे हे वैयक्तिक हौसेपुरते मर्यादित राहत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, समुद्रपुष्पाच्या संगोपनात अवघड असे तंत्र फारसे नाही. अवघड आहे ते सातत्य. रोज पातळीपर्यंत गोडे पाणी भरणे, दररोज तापमान पाहणे, आठवड्यातून एकदा चाचणी, एकदा पाणीबदल आणि एकदा आहार, एवढाच हा दिनक्रम आहे. त्यात खंड पडतो तो बहुधा प्रवासाच्या वा सुट्टीच्या काळात. घरची टाकी लग्नसराईत, तर महाविद्यालयातील टाकी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बेवारस होते, आणि मे महिना तर बाष्पीभवनाचाच असतो. प्राण्याचे काम कोणाकडे सोपवावयाचे हे टाकी घेण्यापूर्वीच ठरवावे आणि किती पाणी, कोणते, केव्हा, हे वहीत लिहून टाकीशेजारी ठेवावे.

१८५१ साली डॅलयेल गेले, तरी त्यांचे समुद्रपुष्प आणखी ३६ वर्षे जगले, कारण दर वेळी पुढचा संगोपक तयार होता. ज्या घरात किंवा विभागात अशी दुसरी व्यक्ती तयार नाही, तेथे अद्याप समुद्रपुष्प आणण्याची वेळ आलेली नाही, असे समजावे.